चीफ सगळं सांगायचे

नवा माणूस समोर आला की चीफ त्याचं नाव विचारत नसत. आधी त्याच्या पायांतल्या चपला-बुटांकडे बघत, मग तोंडाकडे, आणि मग विचारत, "पोहता येतं? खरं सांग." एकदा गणपतीच्या जेवणात, मसालेभाताच्या रांगेत, बँकेतल्या एका मोठ्या साहेबांना त्यांनी हेच विचारलं. साहेब हसले. चीफ हसले नाहीत. उत्तर मिळेपर्यंत रिकामं ताट हातात धरून तिथेच उभे राहिले. रांग अडली.

जहाजावर चीफ इंजिनीयर होते, म्हणून सगळे त्यांना चीफच म्हणत. मूळचे देवगडकडचे. बोटींवर तीसेक वर्षं काढून शेवटी सिंगापुरातच राहिले होते. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. तोआ पायोहमधल्या एका जुन्या ब्लॉकच्या सहाव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. त्यात एक खाट, एक टेबल, भरती-ओहोटीचं कॅलेंडर आणि भिंतीला टेकवून ठेवलेले अकरा रॉड. टीव्ही नव्हता. बसायला खुर्ची एकच, त्यामुळे गेलेला माणूस आपोआप खाटेवर बसायचा आणि चीफ खुर्चीवरून त्याला शिकवायचे.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती चांगीच्या किनाऱ्यावर. मला तेव्हा चांगी बिझनेस पार्कात नोकरीला लागून वर्ष झालं होतं. ऑफिसातल्या कोणाचं तरी बघून रॉड विकत घेतला आणि शनिवारी सकाळी पहिल्याच फेकीत गळ स्वतःच्या शर्टाच्या बाहीत अडकवून घेतला. तोंडातून एक अस्सल मराठी शिवी गेली. मागून आवाज आला, "हलू नकोस." एक वाळकुडा, उंच म्हातारा खिशातून पक्कड काढत आला. गळ सोडवला, पण मला परत दिला नाही. त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला आणि मग दिला.

"आता एखादा मासा सुटेल," ते म्हणाले, "पण उद्या हा बोटात घुसला तर बाहेर तरी निघेल. आणि हे स्लिपर घालून परत खडकावर दिसू नकोस."

तिथून पुढे जवळजवळ प्रत्येक शनिवार मी त्यांच्याबरोबर घालवला.

मासेमारी शिकवणारी माणसं मासा कसा मिळतो ते सांगतात. चीफ सांगत ते परत कसं यायचं. नव्या जागी ते पहिल्यांदा रॉड न घेता जात. एकदा भरतीला, एकदा ओहोटीला आणि एकदा पावसात. त्यानंतर, जागा पटली तरच, चौथ्या खेपेला गळ टाकत. सिंगापुरात गळ कुठे टाकायला परवानगी आहे आणि कुठे नाही, याचा त्यांनी नकाशा केला होता, हिरव्या आणि लाल पेन्सिलीने. लाल जागी शंभर माणसं रॉड लावून बसली असली तरी ते थांबत नसत. मी एकदा म्हटलं, "चीफ, इथे कोण बघायला येतंय?"

"तेच तर," ते म्हणाले. "चोरून उभा असलेला माणूस घसरला तर आधी ओरडायचं की नाही याचा विचार करतो. तेवढ्यात दोन घोट पाणी जातं पोटात."

त्यांच्या पिशवीत थर्मास असे. मी एकदा चहा समजून झाकण उघडलं तर ते केवढ्यांदा तरी ओरडले. त्यात नुसतं कढत पाणी होतं. शिंगाळा माशाचा विषारी काटा लागला तर हात सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे ठणका कमी होतो, हे त्यांनी मला तिथेच उभं करून सांगितलं आणि मग म्हणाले, "म्हणून दाखव." ही त्यांची ठरलेली रीत होती. काहीही सांगितलं की समोरच्याकडून म्हणून घ्यायचं. चुकलं की परत. अर्धं सांगितलेलं हे न सांगितल्यापेक्षा वाईट, असं त्यांचं मत होतं. ज्याला काहीच माहीत नसतं तो निदान घाबरून राहतो, म्हणायचे.

पाण्यावर जाताना ते खालच्या कॉफीवाल्या आंटीकडे चिठ्ठी ठेवून जात. कुठून निघणार, होडी कुठल्या रंगाची, किती जण, किती वाजता परत आणि न आलो तर फोन कोणाला करायचा. आंटी चिनी, सत्तरीची. ती चिठ्ठी ती साखरेच्या डब्याखाली ठेवायची. एकदा आम्हाला यायला अर्धा तास उशीर झाला, तर तिने खरोखरच फोन लावून पोलिसांची बोट आमच्या मागे पाठवली. आम्ही शरमेने मेलो. आंटी मला म्हणाली, "युअर अंकल लेट ऑलरेडी, आय कॉल ला!" आणि चीफ, ज्यांना मी कधी कोणाचे आभार मानताना पाहिलं नव्हतं, त्यांनी तिच्यासमोर दोन्ही हात जोडले.

पकडलेला मासा ते खात नसत. शेजारच्या मलय बाईंना देऊन टाकत. मोठा जिताडा मिळाला त्या दिवशी मी विचारलंच, "कोकणातले असून मासा खात नाही?"

"खायचो," ते म्हणाले. "आमचा एक थर्ड इंजिनीयर वाऱ्यात डेकवरून गेला. चोवीस वर्षांचा. दोन दिवस शोधला, मिळाला नाही. त्यानंतर ताटात मासा आला की नको ते मनात यायला लागलं."

"मग पकडता कशाला?"

त्यांनी थोडा वेळ दोरीकडे बघितलं. "नुसतं पाण्याकडे बघत बसलं की लोक विचारपूस करतात. हातात रॉड असला की सोडून देतात."

समीरला त्यांच्याकडे मीच नेलं. समीर माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, पुण्याचा, चोआ चू कांगला बायको केतकीबरोबर राहायचा. पोहायला उत्तम. चीफ होडीत घेण्याआधी प्रत्येकाची परीक्षा घेत, माझ्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, पूलमध्ये, कपडे आणि बूट घालून. बाकीचे आम्ही धापा टाकत होतो आणि समीर दहा फेऱ्या मारून वर हसत होता. चीफ मला बाजूला घेऊन म्हणाले, "याची मला काळजी आहे." मला वाटलं, म्हातारा जळतो.

मग ती होडीवरची गोष्ट झाली. भाड्याच्या होडीत आम्ही चौघे होतो. सकाळी दहाच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ एकदम काळं झालं. इथे त्या वादळाला सुमात्रा म्हणतात. अर्ध्या तासात येतं आणि जातं, पण तेवढ्यात जे करायचं ते करतं. चीफनी इंजिन सुरू करायला सांगितलं, आम्हाला खाली बसवलं, रॉड आडवे ठेवायला लावले. कार्बनचा रॉड उभा धरणं म्हणजे विजेला बोट दाखवणं. समीरच्या गळाला त्याच वेळी मासा लागला होता, मोठा. तो उभा राहिला.

"खाली ठेव."

"एक मिनिट, चीफ."

"खाली ठेव!"

"अहो, एकच मिनिट!"

चीफ उठले, कमरेची सुरी काढली आणि समीरची दोरी कापली. तो मागे आपटला. पुढच्या क्षणी इतका पाऊस कोसळला की कोणाला काही बोलता आलं नाही. धक्क्याला लागल्यावर समीर सगळ्यांसमोर म्हणाला, "मी काही तुमच्या इंजिन रूममधला खलाशी नाही."

"नाहीस," चीफ म्हणाले. "खलाशी ऐकतो. आजपासून माझ्या होडीत तू नाहीस."

दोघांचं बोलणं तिथे संपलं. समीरने महिन्याभरात स्वतःची कायाक, वल्ह्याने चालवायची छोटी होडी, घेतली. फुगवायची, गाडीच्या डिकीत मावणारी. घेतल्यावर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "म्हाताऱ्याला विचार ना, पासिर रिसवरून मासे पाळायच्या तराफ्यांकडे कसं जायचं. त्याला सगळं माहीत असतं. माझं नाव नको काढू."

मी विचारलं. स्वतःसाठी विचारतोय असं भासवून. चीफ खुर्चीवर बसून गळाला दोरी बांधत होते. त्यांनी हातातलं खाली ठेवलं.

"किनाऱ्याच्या पूर्वेच्या टोकाकडून, झाडी सुरू होते त्याच्या अलीकडून निघ. भरतीचे शेवटचे दोन तास. भरती थांबली की परत फिर, मासा लागलेला असला तरी. ओहोटी तिथे पूर्वेला खेचते, बाहेर, जहाजांच्या वाटेवर, आणि वल्ह्याने तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा त्या आठवड्यात जायचंच नाही. लाइफ जॅकेट अंगात, कायाकमध्ये नाही. आणि एकटा नाही. मी येतो. म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. एकदा चुकलो, पुन्हा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या टेबलाखाली फोन धरून मी समीरला मेसेज केला. "पूर्वेचं टोक, झाडीच्या अलीकडून. भरतीचे शेवटचे दोन तास बेस्ट." पुढचं लिहायला घेतलं होतं. ओहोटी, उधाण, जॅकेट. मग वाटलं, समीर म्हणणार, आलं म्हाताऱ्याचं प्रवचन. तेवढ्यात कोणीतरी मला प्रश्न विचारला. मी मेसेज होता तसा पाठवला. समीरचा अंगठा आला. पुढचं नंतर सांगू, असं मनात ठेवलं आणि नंतर ते मनातूनही गेलं.

तो त्याच शनिवारी गेला. आदल्या दिवशी पौर्णिमा झाली होती. मला हे नंतर कॅलेंडर बघून कळलं. दुपारी केतकीचा फोन आला, "तुझ्याबरोबर आहे का रे तो?" संध्याकाळी कायाक सापडली, बरीच पूर्वेला. जॅकेट कायाकमध्ये होतं, मागे पट्ट्याखाली नीट अडकवलेलं. समीर सोमवारी सकाळी सापडला.

समीरच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये पंधरा-वीस माणसं जमिनीवर बसली होती. पुण्याहून केतकीचा भाऊ येऊन पोचला होता. पोलिसांनी तपासायला नेऊन परत दिलेला समीरचा दुसरा फोन, जो तो घरी ठेवायचा, केतकीच्या हातात होता आणि त्यात माझा मेसेज होता. तिने तो मला दाखवला.

"ही जागा कोणी सांगितली?"

"चीफनी," मी म्हणालो.

चीफ दाराशी उभे होते. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. केतकी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तुम्ही सांगितलंत त्याला तिथून जा म्हणून?"

चीफनी माझ्याकडे बघितलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं असणार, मी कोणासाठी विचारलं होतं ते. पण ते तसं काही बोलले नाहीत. फोन हातात घेऊन त्यांनी मेसेज वाचला, पुन्हा वाचला.

"मी एवढंच सांगितलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. केतकी बघत होती. मी म्हणालो, "हो, चीफ."

"ओहोटीचं?"

"नाही बोललात."

"उधाणाचं, जॅकेटचं? मी येतो म्हणालो नव्हतो?"

"नाही, चीफ."

"तुझ्याकडून म्हणून नाही घेतलं?"

मी मान हलवली. नाही.

इतक्या वर्षांत मी त्यांना पडताना, घसरताना, तोल जाताना बघितलं नव्हतं. तेव्हा त्यांनी दाराची चौकट धरली. मग केतकीला म्हणाले, "मग चूक माझीच आहे, बाई." आणि निघून गेले. त्यांची छत्री तिथेच राहिली.

केतकीचा इथे राहण्याचा पास समीरच्या नोकरीच्या पासवर होता, तो गेल्यावर तिला इथे राहता येणार नव्हतं. महिन्याच्या आत तिने घर आवरलं आणि पुण्याला गेली. मी सामान बांधायला मदत केली. चीफबद्दल ती एकदाच बोलली. म्हणाली, "एवढा माणूस, आणि नेमकं तेवढंच विसरला."

मी चीफकडे जात राहिलो. लाज वाटत होती म्हणूनच जात होतो, न जाणं त्याहून कठीण होतं. त्यांनी रॉड भिंतीपासून काढून कपाटावर आडवे टाकले होते. किनाऱ्यावर जाणं बंद झालं. भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाढत चालल्या. गॅस बंद. किल्ली. आंटीला काय सांगितलं, किती वाजता. एकदा ते स्वतः जाऊन डॉक्टरला दाखवून आले. त्याने कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले, आणि सगळं व्यवस्थित आहे असं लिहून दिलं.

"मग झालं तर," मी म्हणालो.

"मशीन टेस्टला नेहमी चांगलं चालतं," चीफ म्हणाले. "लोड आला की बंद पडतं. माझं नेमकं लोडवर बंद पडलं."

मी खाटेवर बसून होतो. आत्ता सांगावं, असं प्रत्येक वेळी वाटायचं. लिफ्टमधून खाली येताना वाटायचं, पुढच्या वेळी.

सहा महिन्यांनी त्यांनी मला सांगितलं की ते भारतात चाललेत. सासवडजवळ एका वृद्धाश्रमात नाव घातलं होतं.

"देवगडला का नाही?"

"समुद्र दिसतो तिथून. ज्याचं डोकं भरवशाचं नाही त्याने पाण्यापासून लांब राहावं. कोणी काही विचारलं आणि मी अर्धवट सांगितलं तर?" टेबलावर भरलेले फॉर्म होते. नकाशा त्यांनी फाडून टाकला होता. "घर पुढच्या महिन्यात सोडतोय. रॉड तू घेऊन जा."

तेव्हा मी सांगितलं. कसं ते मला नीट आठवत नाही. मधूनच सुरू केलं असावं, कारण त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी काय काय सांगितलं होतं, मी दोनदा कसं म्हणून दाखवलं, मेसेज कुठे बसून केला, काय लिहायचं सोडलं, का सोडलं. त्या खोलीत मी काय बोललो, तेही. ते खुर्चीवर अगदी सरळ बसले होते.

"मी उधाणाचं बोललो होतो."

"हो."

"जॅकेटचं?"

"हो, चीफ. अंगात, कायाकमध्ये नाही, असं म्हणालात."

"आणि मी येतो म्हणालो होतो."

"हो."

खाली शाळेची बस आली, पोरांचा आवाज झाला, बस गेली. मला वाटत होतं ते ओरडतील, उठून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "त्या मुलीला फोन लाव. माझ्यासमोर."

मी लावला. केतकी पुण्यात ऑफिसात होती, मागे माणसांचे आवाज येत होते. मी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी कमी शब्द लागले. पलीकडे कुठलं तरी दार बंद झाल्याचा आवाज आला आणि मागचे आवाज थांबले. मग ती म्हणाली, "त्यांना फोन दे."

चीफ फोन घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेले. जाळीच्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. ते फारसं बोलत नव्हते, ऐकत होते. मध्येच एकदा त्यांनी हात कठड्यावर ठेवला. परत आले तेव्हा फोन मला न देता टेबलावर ठेवला.

"सहा महिने," ते म्हणाले, "रोज सकाळी उठलो की आधी स्वतःचं नाव मोठ्याने म्हणून बघायचो. येतंय का. मग आईचं नाव. मग पहिल्या जहाजाचं."

"चीफ, मी..."

"नाही. तू काही बोलू नकोस. तुझं बोलून झालंय." त्यांनी दार उघडून धरलं. "जा आता."

मला वाटलं होतं ते आता जाणार नाहीत, इथेच राहतील, पुन्हा किनाऱ्यावर दिसतील. पण घराचे कागद झाले होते, की त्यांना आता इथे राहायचंच नव्हतं, मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात ते गेले. विमानतळावर कोण गेलं होतं ते मला कळलं नाही. कॉफीवाली आंटी गेली असेल.

केतकी सासवडला त्यांना भेटायला जात असे, दर महिन्याला, पुण्याहून बसने. हे मला तिच्या भावाकडून कळलं. दोघं काय बोलत, ते त्यालाही माहीत नव्हतं. ती डबा न्यायची आणि संध्याकाळच्या बसने परत यायची, एवढंच.

तीन वर्षांनी एका दुपारी तिचा फोन आला. इतक्या काळात पहिलाच. चीफ पहाटे गेले होते, झोपेत. मी काहीतरी म्हणालो, माणसं म्हणतात तसलं. ती ऐकून घेऊन म्हणाली की तिला कामं आहेत, ती ठेवतेय. पण ठेवण्याआधी एक गोष्ट तिने सावकाश सांगितली, मला प्रत्येक शब्द नीट ऐकू जाईल अशी. शेवटपर्यंत चीफना सगळं अगदी स्वच्छ आठवत होतं.